डब्यावरचा रंग काय सांगतो?



सोयाबीनवर अळी दिसली की आपण दुकानात जातो आणि म्हणतो, "भाऊ, एखादं कडक औषध द्या." दुकानदार डबा देतो, मात्रा तोंडी सांगतो, आणि आपण घरी येतो. डब्यावर काय छापलंय ते बघायचं राहूनच जातं.

प्रत्येक डब्यावर एका टोकावर उभा केलेला चौकोन असतो. त्याचा खालचा अर्धा भाग, म्हणजे त्रिकोण, रंगवलेला असतो. पुष्कळांचा समज असा, की लाल म्हणजे जालीम औषध आणि हिरवा म्हणजे मिळमिळीत. हा समज चुकीचा आहे. हा रंग किडीसाठी नाही, माणसासाठी आहे. औषध पोटात किंवा कातडीतून गेले तर माणसाला किती घातक, एवढेच तो सांगतो.

लाल म्हणजे अत्यंत विषारी. त्यावर कवटीचे चिन्ह असते. पिवळा म्हणजे जास्त विषारी. निळा म्हणजे मध्यम. हिरवा म्हणजे कमी विषारी. कमी विषारी म्हणजे बिनविषारी नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवा.

१९५८ साली केरळात अन्नधान्यात पॅराथिऑन मिसळले जाऊन शंभरावर माणसे दगावली. त्यानंतर १९६८ साली कीटकनाशक कायदा झाला आणि १९७१ च्या नियमांनी हे रंग डब्यावर आले.

आता उदाहरण पाहू. क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ टक्के या औषधावर हिरवा त्रिकोण असतो. तरी सोयाबीनवरच्या अळीला एकरी ६० मिली पुरते. उलट मोनोक्रोटोफॉसवर लाल त्रिकोण असायचा. भाजीपाल्यावर ते वापरायला २००५ सालीच बंदी आली. म्हणून दुकानात "कडक द्या" म्हणू नका. पीक कोणते, कीड कोणती ते सांगा आणि त्यावर चालणारे, पण माणसाला कमी घातक असे औषध मागा.

हे एवढं बजावून सांगायचं कारण आहे. २०१७ च्या पावसाळ्यात पैनगंगेच्या पलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली. शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, हवा दमट, दोन-तीन औषधे एकत्र केलेली, अंगावर साधे कपडे. किनवट-माहूरची कपाशी काही वेगळी नाही. विष फक्त तोंडातूनच जाते असे नाही. ओल्या कातडीतून आणि श्वासातूनही जाते.

मग काय करायचं?

• डबा मालक आणतो, पण पंप पुष्कळदा सालगड्याच्या पाठीवर असतो. ज्याच्या पाठीवर पंप, त्याला डबा दाखवा, वाचून दाखवा.
• झाकणाने अंदाजे माप घेऊ नका. मापाचे भांडे वेगळे ठेवा. हाताने ढवळू नका, काठी घ्या.
• पत्रकावर सांगितल्याशिवाय दोन औषधे एकत्र करू नका.
• पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मा वापरा. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका. पीक डोक्याच्या वर गेले असेल तर आत शिरून फवारू नका.
• नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नका.
• फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नका. धुणाऱ्या बाईलाही बाधा होते.
• रिकाम्या डब्याला भोके पाडा. त्यात पाणी, तेल काही ठेवू नका.

तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. उसात टू-फोर-डी मारलेला पंप नीट न धुता कपाशीत नेला, तर पाने अरुंद होऊन बोटांसारखी लांबतात. पॅराक्वाट या तणनाशकाबाबत तर फारच जपा. पोटात गेल्यास त्यावर खात्रीचा उतारा नाही.

फवारताना मळमळ, दरदरून घाम, तोंडाला लाळ, अंधुक दिसणे, दम लागणे, यातले काहीही झाले तर लगेच थांबा. "थोडं राहिलंय, उरकून घेऊ" म्हणू नका. कपडे काढा, साबणाने अंग धुवा. दूध-तूप पाजू नका, मुद्दाम उलटी करवू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा.

जाताना डबा किंवा त्यावरचे पत्रक बरोबर न्या. प्रत्येक विषाचा उपचार वेगळा. नुसते "औषध मारत होता" एवढ्याने डॉक्टरांना कळत नाही. डबा पाहिला की कळते.

आपण त्याला औषध म्हणतो खरे, पण आहे ते विष. पुढच्या वेळी पैसे देण्याआधी डबा फिरवून रंग पाहा. अक्षर बारीक असेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या, पण डब्याला हात लावू द्या तो मोठ्यांनाच.