ओवी कागदावर उतरते

पुण्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या कुशीत, मुळशी तालुका वसलेला आहे. उंच डोंगर, खोल दऱ्या, मुळा नदीचे खोरे आणि पावसाळ्यात चार महिने कोसळणारा पाऊस, असा हा मावळातील प्रदेश. डोंगरउतारावरील लहान लहान वाड्यांत राहणाऱ्या लोकांचे जीवन फार कष्टाचे असे. भात, नाचणी आणि वरई ही त्यांची पिके. पहाटेचा कोंबडा आरवण्यापूर्वीच या वाड्यांतून जात्याची घरघर ऐकू येई आणि त्या घरघरीत मिसळलेला स्त्रियांचा आवाज अंधारातून दूरवर पोहोचे. दिवसभराच्या भाकरीपुरते दळण दळताना त्या ओव्या गात असत.

जात्याचा खालचा दगड स्थिर असतो. वरचा दगड खुंट्याला धरून फिरवावा लागतो. एका हाताने खुंटा ओढावयाचा, दुसऱ्या हाताने मुठीमुठीने धान्य वैरावयाचे आणि फिरत्या दगडाच्या लयीत शब्द गुंफावयाचे, ही त्या स्त्रियांची रीत होती. या ओव्यांत पंढरीचा विठोबा असे, वनवासात गेलेली सीता असे, भावाची वाट पाहणारी बहीण असे. सासरचा जाच, मुलीच्या जन्माचे दुःख, गरिबी आणि पोटच्या लेकरावरील माया हेही त्यांत असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची थोरवीही अनेक स्त्रियांनी ओवीतून गाइली. यांतील बहुतेक स्त्रियांनी कधी शाळा पाहिली नव्हती. त्यांच्या मनात काय आहे, हे कोणी विचारीत नसे. ते त्या जात्याला सांगत.

पुढे गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या. स्त्रियांचे कष्ट वाचले, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु जाते कोपऱ्यात गेले, आणि जात्याबरोबर ओवीही मुकी होऊ लागली. ओवी पोथीत लिहिलेली नव्हती. ती आईच्या मुखातून लेकीच्या कानी जाई आणि तेथून नातीच्या कानी. जाते थांबले तेव्हा हा मार्गच बंद झाला. म्हाताऱ्या स्त्रिया एकेक करून काळाच्या पडद्याआड जाऊ लागल्या आणि त्यांच्याबरोबर शेकडो ओव्या जाऊ लागल्या.

ही हानी दोघा अभ्यासकांच्या वेळीच ध्यानी आली. एक होत्या हेमा राईरकर आणि दुसरे गी पॉइत्वाँ. पॉइत्वाँ यांचा जन्म फ्रान्समधला. पण पुढे ते पुण्यास स्थायिक झाले होते. या दोघांनी पुण्यात ‘सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’ ही संस्था उभी केली होती. पुणे जिल्ह्यातील डोंगराळ भागातील गरिबांच्या ‘गरीब डोंगरी संघटना’ या संघटनेबरोबर ते काम करीत. १९८० नंतरच्या दशकात या भागातील स्त्रियांशी बोलता बोलता त्यांना उमगले, की या स्त्रियांचे सारे विचार त्यांच्या ओव्यांत साठविलेले आहेत. तेव्हा त्यांनी ओव्या गोळा करण्याचे काम हाती घेतले. गावातले कार्यकर्तेही या कामात सामील झाले. मुळशीतील कोळवडे, नांदगाव यांसारख्या गावांपासून पुढे महाराष्ट्रातील सुमारे एक हजार गावांपर्यंत हे काम पसरले आणि एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या.

प्रथम ओव्या ऐकून वहीत लिहून घेत. पण केवळ लिहिल्याने ओवी पुरी हाती येत नाही. तिची चाल, गाणारीचा कंठ, मध्येच घेतलेला श्वास, दाटून आलेला गळा हे कागदावर कसे उतरणार? म्हणून आवाजच साठवून ठेवणे आवश्यक होते. १९९० नंतरच्या दशकात बर्नार्ड बेल हे फ्रेंच अभ्यासक या कामात सहभागी झाले. संगणक आणि संगीत या दोन्ही विषयांचे त्यांना ज्ञान होते. त्यांच्या साहाय्याने १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झाले. शब्द आणि स्वर असे दोन्ही प्रकारचे धन एकत्र सांभाळले जाऊ लागले.

आवाज साठवितात तो कसा? आवाज म्हणजे हवेची कंपने होत. मनुष्य बोलतो तेव्हा त्याच्या कंठातील कंपनांनी भोवतालची हवा थरथरते. ध्वनिग्राहकात, म्हणजे मायक्रोफोनमध्ये, एक अतिशय पातळ पडदा असतो. हवेच्या थरथरीने तो पडदा हालतो आणि त्याच्या हालचालीप्रमाणे विजेचा सूक्ष्म प्रवाह कमीअधिक होतो. हाच चढउतार टिकवून ठेवला, की आवाज टिकला. एडिसनने १८७७ साली कथलाच्या पातळ पत्र्यावर सुईने खाचा उमटवून आवाज साठविला आणि पुन्हा ऐकविला. पुढे चुंबकीय फीत आली. त्या फितीवर लोहयुक्त कणांचा लेप असतो आणि विजेच्या चढउताराप्रमाणे त्या कणांचे चुंबकत्व बदलते. मात्र फीत जुनी झाली की तिच्यातील आवाज मंदावतो, आणि तिच्या प्रतीची प्रत काढीत गेल्यास खरखर वाढत जाते.

आजची रीत निराळी आहे. आता विजेच्या चढउताराचे दर सेकंदास हजारो वेळा मोजमाप करतात आणि ती मापे आकड्यांच्या रूपाने साठवितात. साध्या दूरध्वनीसाठी सेकंदास ८,००० मापे पुरतात. संगीताच्या तबकडीसाठी ४४,१०० मापे घेतात. आकड्यांची नक्कल कितीही वेळा केली, तरी नीट केलेल्या नकलेत मुळाहून उणे काही होत नाही. इंटरनेटवरून बोलताना हीच युक्ती वापरतात. बोलणाऱ्याच्या आवाजाचे आकडे करून त्यांचे लहान लहान तुकडे पाडतात. एका सेकंदाच्या बोलण्याचे बहुधा पन्नास तुकडे होतात. पत्राच्या पाकिटावर असतो तसा प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो. हे तुकडे स्वतंत्रपणे प्रवास करतात आणि पलीकडे क्रमाने जुळविले जातात. वाटेत काही तुकडे हरवले की आवाज तुटतो. असे तुटलेले बोलणे मुद्रित केले, तर ती त्रुटी मुद्रणातही कायम राहते.

याप्रमाणे यंत्राने आवाज साठविला, तरी निम्मेच काम झाले. १२० तासांच्या ध्वनिमुद्रणात एखाद्याला सीतेवरील ओव्या हव्या असतील, तर त्याने काय करावे? सारे तास ऐकत बसावे काय? आवाज उघडून पाहता येत नाही; पुस्तकाची पाने मात्र उलटता येतात. म्हणून आवाजातील शब्द कागदावर उतरवावे लागतात. या कामास लिप्यंकन म्हणतात. लेखनिक थोडेसे ऐकतो, थांबवितो, लिहितो, आणि संशय आला की मागे जाऊन पुन्हा ऐकतो. एका तासाचे ध्वनिमुद्रण लिहून काढण्यास चार ते सहा तास सहज लागतात.

हे काम वरवर सोपे वाटते, पण त्यात पदोपदी अडचणी येतात. ओवी गाताना जात्याची घरघर शब्दांवर पसरते. मग जाते बाजूला ठेवून गावे, असे कोणी म्हणेल. परंतु पुष्कळ स्त्रियांना खुंटा हाती घेतल्यावाचून ओवी आठवतच नाही. दुसरी अडचण अशी, की मूळ ओवी बहुधा दोन ओळींची असते. गाताना मात्र गायिका एकेक चरण पुन्हा पुन्हा घोळविते आणि मध्ये ‘गं बाई’ यांसारखे शब्द घालते. तेव्हा गाइले ते सारे लिहावे, की केवळ मूळ दोन ओळी लिहाव्यात? ओळी लिहिल्याने अर्थ झटकन कळतो; परंतु ती गाण्याची रीत जाणून घ्यावयाची असेल, तर ध्वनिमुद्रणच ऐकावे लागते. म्हणूनच दोहोंपैकी एक टाकून चालत नाही.

सर्वांत मोठी कसोटी बोलीची असते. मावळच्या बोलीत ‘ण’ हा वर्ण अनेकदा ‘न’ असा उच्चारला जातो. ‘पाणी’ या शब्दाचे ‘पानी’ होते. आता एखादी स्त्री ‘मनभर’ म्हणाली, असे समजा. तिला मन भरून असे म्हणावयाचे आहे, की चाळीस शेरांचा मण म्हणावयाचे आहे? दळणाचा विषय चालू असेल तर मण. माहेरच्या माणसांना भेटण्याचा विषय असेल तर मन. कानाला दोन्ही शब्द सारखेच. निवाडा करावयाचा तो त्या बाईचे जीवन जाणणाऱ्याने. शिवाय निवाडा झाल्यावरही तिच्या तोंडचा शब्द ‘शुद्ध’ करण्याचा मोह लेखनिकाने आवरावा लागतो. तिने ‘व्हती’ म्हटले असेल, तर ‘होती’ असे लिहिणे म्हणजे तिचा शब्द काढून घेऊन आपला शब्द तिच्या तोंडी घालणे होय.

अलीकडे संगणक हे काम करू लागला आहे. ध्वनिमुद्रण ऐकून तो काही क्षणांत मजकूर लिहून देतो. हे तो कसे शिकला? आवाज आणि त्या आवाजाचा माणसांनी लिहिलेला मजकूर अशा असंख्य जोड्या त्याच्यापुढे ठेवल्या जातात. त्यांवरून कोणत्या ध्वनीला कोणता शब्द, हे तो ताडू लागतो. जी भाषा त्याने पुष्कळ ऐकली आहे, ती तो बरीच अचूक लिहितो. जी बोली त्याने फारशी ऐकलेली नाही, तिच्यात मात्र तो अडखळतो. आणि अडखळला तरी तो संकोचत नाही. अपरिचित शब्दाच्या जागी परिचित शब्द बेधडक लिहून मोकळा होतो. म्हणून यंत्राने लिहिलेला मजकूर माणसाने मूळ आवाजाशी ताडून पाहिलाच पाहिजे. मुळशीच्या डोंगरातील आजीचा शब्द ओळखण्यास अजून तिच्या नातवाचाच कान अधिक विश्वासाचा आहे.

लिहिलेल्या प्रत्येक ओवीबरोबर आणखी एक गोष्ट राईरकर व पॉइत्वाँ यांच्या सहकाऱ्यांनी जपली. ओवी कोणी गाइली, ती कोणत्या गावची, ओवीचा विषय कोणता, याची नोंद त्यांनी ठेवली. लोकगीत म्हटले की त्याचा कर्ता अज्ञात, असे मानण्याचा प्रघात आहे. येथे मात्र गाणारीचे नाव तिच्या ओवीशेजारी आले. ज्या स्त्रियांचे नाव सातबाराच्या उताऱ्यावरही क्वचितच असे, त्यांचे नाव त्यांच्याच शब्दांखाली नोंदले गेले.

गी पॉइत्वाँ २००४ साली आणि हेमा राईरकर २०१० साली निवर्तल्या. पण काम थांबले नाही. हे ध्वनिमुद्रण काही काळ गुडगाव येथील एका संगीत-अभिलेखागारात होते. पुढे बेल यांनी ते फ्रान्समधील एका भाषा-संग्रहात सुरक्षित ठेविले. पत्रकार पी. साईनाथ यांनी स्थापन केलेल्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेने पुढे ही जबाबदारी घेतली आणि २०१७ सालापासून या ओव्या इंटरनेटवर सर्वांसाठी प्रसिद्ध होऊ लागल्या. आता ओवी वाचता येते, तिचे भाषांतर पाहता येते आणि मूळ आवाजही ऐकता येतो. गाणाऱ्यांपैकी काही स्त्रिया आज हयात नाहीत. त्यांचा आवाज मात्र त्यांच्या नातवंडांना ऐकता येतो.

असे काम केवळ मोठ्या संस्थांनीच करावे असे नाही. दूर गावी राहणारी आजी इंटरनेटवरून नातवाशी बोलते तेव्हा एखादी गोष्ट सांगते, एखादी म्हण वापरते, एखादे जुने गाणे म्हणते. ते साठवून ठेवता येते. मात्र त्याआधी एक गोष्ट केली पाहिजे: तिची परवानगी घेतली पाहिजे. आवाज ज्याचा, त्याची त्यावर पहिली सत्ता. नकळत केलेले ध्वनिमुद्रण म्हणजे दाराआडून ऐकण्यासारखेच होय. परवानगी मिळाल्यावर दिवस, ठिकाण आणि बोलणाऱ्याचे नाव टिपून ठेवावे, मुद्रणाच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात आणि आजी जवळ आहे तोवरच ते लिहून काढावे. न कळलेल्या शब्दाचा अर्थ तिलाच विचारता येतो. नंतर तो सांगणारे कोणी राहत नाही.

आवाज यंत्र साठविते आणि शब्द कागद सांभाळतो. पण त्या शब्दाचा अर्थ जाणून घेण्यासाठी कोणीतरी लक्ष देऊन ऐकावे लागते. मुळशीच्या वाड्यांतील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या गात होत्या. त्यांच्याजवळ बसून ऐकणारे भेटले, म्हणून त्यांची ओवी राहिली.

स्वाध्याय

१. पिठाच्या गिरण्या आल्याने स्त्रियांचा कोणता लाभ झाला व कोणती हानी झाली?
२. ओवी नुसती लिहून ठेवली तर काय हरवते? नुसती मुद्रित केली तर कोणती अडचण येते?
३. ‘मनभर’ हा शब्द लिहिताना लेखनिकास कशाचा विचार करावा लागेल?
४. घरातील वडीलधाऱ्या माणसाची परवानगी घेऊन त्यांच्याकडून एक गाणे किंवा गोष्ट ऐका. ती त्यांच्याच शब्दांत लिहून काढा आणि त्यांना वाचून दाखवा.