पंचवीस डॉलरचा दंड

ओमाहाहून इंटरस्टेट ८० धरून पश्चिमेला निघालं, लिंकन मागे टाकलं आणि यॉर्कच्या पुढे जरा उत्तरेला वळलं की हॅम्प्टन नावाचं छोटंसं गाव लागतं. आजूबाजूला मका आणि सोयाबीन. आपल्या मंडळींना या गावात जाण्याचं काही कारण पडत नाही. पण दर रविवारी सकाळी मुलांना अंथरुणातून ओढून काढून जे आईबाप मराठी शाळेत आणून सोडतात, त्यांनी तरी हे नाव लक्षात ठेवावं. २५ मे १९२० रोजी इथल्या झायन लुथरन शाळेत रॉबर्ट मायर नावाचे शिक्षक एका दहा वर्षांच्या मुलाकडून बायबलमधली गोष्ट जर्मनमध्ये वाचून घेत होते. तेवढ्यात काउंटीचा सरकारी वकील वर्गात येऊन उभा राहिला. पुढे खटला झाला आणि मायरना २५ डॉलर दंड झाला. गुन्हा एवढाच, की आठवी पास न झालेल्या मुलाला त्यांनी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा शिकवली.

मी साताऱ्याला हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायचे. पहिलं महायुद्ध म्हणजे साराएव्होचा खून, खंदक, पाणबुड्या, व्हर्सायचा तह आणि शेवटी 'परिणाम लिहा' हा पाच मार्कांचा प्रश्न. त्या परिणामांत शेजाऱ्याशेजाऱ्यांत काय झालं, हे कधी नसायचं. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले, लायब्ररीत वेळ घालवू लागले, तेव्हा ही गोष्ट हाती लागली. या वर्षी मे महिन्यात ती मला सारखी आठवत होती. का, ते पुढे सांगतेच.

१९१६ च्या नोव्हेंबरात वुड्रो विल्सन पुन्हा निवडून आले ते 'यांनी आपल्याला युद्धाबाहेर ठेवलं' या प्रचारावर. पाच महिन्यांत, ६ एप्रिल १९१७ ला, अमेरिका युद्धात उतरली. सिनेटमध्ये ८२ विरुद्ध ६ आणि हाउसमध्ये ३७३ विरुद्ध ५० अशी मतं पडली. त्या पन्नासात जेनेट रँकिन होत्या, काँग्रेसमध्ये निवडून आलेल्या पहिल्या बाई. सिनेटमधले सहाजण पाहिले तर तीन रिपब्लिकन आणि तीन डेमोक्रॅट. त्यातले एक आपल्या नेब्रास्काचे जॉर्ज नॉरिस. या युद्धात सामान्य माणूस मरणार आणि पैसेवाले कमावणार, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यावर त्यांना देशद्रोही ठरवायला वर्तमानपत्रांना फार वेळ लागला नाही. खरं तर त्याआधीच, व्यापारी जहाजांवर तोफा चढवण्याच्या विधेयकाला विरोध केला म्हणून त्यांच्यावर शिव्यांचा पाऊस पडला होता. तेव्हा ते वॉशिंग्टनहून थेट लिंकनला आले, सभागृह घेतलं आणि लोकांसमोर उभे राहिले. मित्र सांगत होते, जाऊ नका. ते तासाभराहून जास्त बोलले आणि लोकांनी त्यांचं ऐकून घेतलं, टाळ्याही वाजवल्या. १९१८ मध्ये, युद्ध चालू असतानाच्या निवडणुकीत, याच नेब्रास्काने त्यांना पुन्हा सिनेटवर पाठवलं.

हे सांगितलं की वाटेल, वा, किती समजूतदार राज्य! तर तसंही नाही. तीच माणसं गावात वेगळी वागत होती.

नेब्रास्कात जर्मन शेतकरी भरपूर होते. कैसरशी त्यांचा संबंध काय, तर कित्येकांचे आजोबा त्याच्याच राज्याला कंटाळून बोटीत बसलेले. पण कैसर लांब होता आणि हे हाताशी होते. बर्लिन नावाच्या गावाचं ओटो झालं, जर्मनटाउनचं गार्लंड झालं. सावरक्राउट, म्हणजे कोबीचं ते आंबट लोणचं, 'लिबर्टी कॅबेज' या नावाने विकायला लागले. (कोबी तोच, बरणीही तीच.) मिसुरी नदी ओलांडली की आयोवा. तिथल्या गव्हर्नर हार्डिंग यांनी २३ मे १९१८ रोजी फर्मान काढलं, की शाळेत, चारचौघांत, आगगाडीत, टेलिफोनवर आणि चर्चच्या प्रार्थनेतही फक्त इंग्रजी बोलायचं. टेलिफोनवर एकमेकींशी जर्मन बोलल्या म्हणून शेतकऱ्यांच्या बायकांना दंड झाले. ज्यांना इंग्रजी येतच नव्हतं अशा म्हाताऱ्यांनी देवाशी काय बोलायचं, हे त्या फर्मानात नव्हतं. डॅनिश, नॉर्वेजियन आणि झेक लोकही त्यात भरडले गेले. त्यांच्या मायदेशांशी अमेरिकेचं भांडण नव्हतं. झेक तर स्वतःच ऑस्ट्रियाच्या राज्यातून सुटायला धडपडत होते.

इलिनॉयमधल्या कॉलिन्सव्हिलची गोष्ट मी मुलांना अजून सांगितलेली नाही, सांगवत नाही. रॉबर्ट प्रागर नावाचा जर्मन खाणकामगार होता. नौदलात भरती व्हायला गेला होता, एक डोळा काचेचा म्हणून त्याला घेतलं नाही. ५ एप्रिल १९१८ च्या रात्री जमावाने त्याला झाडाला लटकावून मारलं. त्याआधी अंगाभोवती अमेरिकन झेंडा गुंडाळून त्याला अनवाणी चालवलं होतं. अकरा जणांवर खटला चालला, सगळे निर्दोष सुटले.

याच उन्हाळ्यात आपल्याकडे काय चाललं होतं? आयोवाच्या फर्मानानंतर अठरा दिवसांनी, १० जून १९१८ ला, मुंबईच्या टाउन हॉलमध्ये गव्हर्नर विलिंग्डन यांची युद्धपरिषद भरली होती. सरकारला सैन्यात हिंदी माणसं हवी होती. टिळक बोलायला उभे राहिले, राजनिष्ठेचा ठराव मान्य करून त्यांनी स्वराज्याचा विषय काढला, तसं विलिंग्डननी त्यांना थांबवलं. टिळक सभेतून उठून गेले. माणूस द्या, पैसा द्या, पण मत देऊ नका, ही युद्धकाळातली सगळ्याच सरकारांची आवडती मागणी असते.

आता मायर यांच्याकडे येते. मला या प्रकरणात सगळ्यात बोचते ती तारीख. युद्ध ११ नोव्हेंबर १९१८ ला थांबलं. नेब्रास्काचा भाषेचा कायदा आला तो त्यानंतर पाच महिन्यांनी, एप्रिल १९१९ मध्ये. बंदुका थंड झाल्या होत्या, पण लोकांचा राग अजून खर्च व्हायचा होता. कोणताही विषय इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत शिकवायचा नाही, दुसरी भाषा आठवी पास झाल्यावरच शिकवायची, नाहीतर २५ ते १०० डॉलर दंड किंवा तीस दिवसांपर्यंत तुरुंग. झायन शाळेने पळवाट काढली होती. दुपारची सुटी अर्ध्या तासाने वाढवली आणि त्या वेळात जर्मन, म्हणजे शाळेच्या तासाबाहेर. सरकारी वकील दारात दिसला तेव्हा इंग्रजी पुस्तक उघडून सुटता आलं असतं, हे मायरना ठाऊक होतं. ते त्यांनी पुढे आपल्या वकिलाला सांगितलं. वाडवडिलांचा धर्म वाडवडिलांच्या भाषेत मुलांना शिकवणं हे आपलं कर्तव्य आहे असं ते मानत, म्हणून त्यांनी जर्मन पाठ तसाच चालू ठेवला.

वकील होते आर्थर मलन, ओमाहाचे, आयरिश, कॅथलिक आणि डेमोक्रॅटिक पक्षातलं मोठं प्रस्थ. लुथरन मास्तरांचं प्रकरण त्यांनी वॉशिंग्टनपर्यंत नेलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दंड कायम ठेवला होता. ४ जून १९२३ ला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो रद्द केला. मुलाला काय शिकवायचं हे ठरवण्याचा आईवडिलांचा हक्क आणि शिकवण्याचा शिक्षकाचा हक्क घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीत येतो, असा तो निकाल. विरोधातल्या दोघांत एक होते न्यायमूर्ती सदरलँड. त्याच वर्षी १९ फेब्रुवारीला भगतसिंग थिंड यांना नागरिकत्व नाकारणारा निकाल याच सदरलँडनी लिहिला होता. थिंड पंजाबहून आलेले, १९१८ मध्ये अमेरिकन सैन्याचा गणवेश घातलेले. तो गणवेशही कामी आला नाही. कायद्याच्या अर्थाने ते 'गोरे' नव्हते.

आता या वर्षीच्या मे महिन्याचं. २२ एप्रिलला पहलगामला २६ माणसं मारली गेली. त्यात महाराष्ट्रातले सहाजण होते, तिघे डोंबिवलीचे. आमच्यातल्या एक ताई मूळच्या डोंबिवलीच्या. त्या रविवारी त्या मुलीला सोडायला आल्या आणि गाडीतून उतरल्याच नाहीत, स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसून राहिल्या. त्यांच्या रागाला मी नावं ठेवणार नाही, कुणी ठेवूही नये. मग ७ मे ते १० मे. ते चार दिवस आपण सगळेच इथे रात्री जागे होतो. कुणाचा भाऊ जम्मूला, कुणाचा भाचा सैन्यात.

आणि अकरा तारखेला, म्हणजे तिकडे तोफा थांबल्यावर, आमच्याकडे सुरू झालं. विषय किराण्याचं दुकान. दुकानाचे मालक मूळचे लाहोरचे, पंचवीसेक वर्षांपासून अमेरिकेत. आमची मुलं त्यांना चाचा म्हणतात. गणपतीआधी मोदकाची पिठी आणि संक्रांतीआधी तीळ तेच मागवून ठेवतात, कारण दुसरीकडे ते वेळेवर मिळत नाही. एका काकांनी सांगितलं, यापुढे मंडळाची खरेदी तिथून नको. एका दादांनी विचारलं, त्या माणसाने काय केलं? संध्याकाळपर्यंत प्रश्न दुकानाचा राहिलाच नाही. कोण कोणत्या पक्षाचा, कोण कुणाचा भक्त, कोण कुणाचा गुलाम, कुणाच्या आजोबांनी कुणाला मत दिलं होतं, इथवर गोष्ट गेली. गंमत बघा. आमच्यापैकी निम्मे अमेरिकन नागरिक, हातात ओसीआय कार्ड, त्यांना भारतात मत देता येत नाही. उरलेले माझ्यासारखे, भारतीय पासपोर्टवाले. आम्हाला इथे मत देता येत नाही आणि तिथे द्यायचं तर स्वतः जावं लागतं. गेल्या वर्षीच्या लोकसभेला आमच्यातलं एकही माणूस त्यासाठी गेलं नव्हतं. एवढ्या मतं नसलेल्या माणसांत पक्षावरून एवढं भांडण!

दोन कुटुंबं तेव्हापासून येत नाहीत. एक काकांच्या बाजूचं, एक दादांच्या. दोन्हीकडची मुलं तिसरीच्या वयाची, एका बाकावर बसायची, जोडाक्षरात दोघंही सारखीच कच्ची. 'बाई, चाचा शत्रू आहेत का?' असं त्यातल्या एकाने मला विचारलं होतं. मी म्हटलं, चाचा दुकानदार आहेत. पोराला ते लगेच पटलं. पुढे विचारलं, मग त्यांच्याकडे अजून ते आंब्याचे आईस्क्रीम मिळतं का?

काही मंडळी मला म्हणाली, तुम्ही १९१८ ची तुलना उगाच करता, आम्ही कुणाला मारलं नाही, दंडही केला नाही. खरं आहे. किराणा कुठे घ्यायचा हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, त्या ताई तिथे जात नाहीत आणि मी त्यांना कधी विचारणार नाही. माझा आक्षेप मंडळाने ठराव करण्याला आहे. एकाने दुकान टाळलं तर तो त्याचा राग. सगळ्यांच्या नावाने ठराव झाला, की मग कोण पाळतो आणि कोण नाही हे बघणं सुरू होतं, आणि ज्याने पिठी तिथून आणली त्याच्या देशप्रेमाची चौकशी होते. नेब्रास्कातही १९१७ मध्ये कुणी फाशीने किंवा दंडाने सुरुवात केली नव्हती. आधी निष्ठेच्या याद्या होत्या, आणि शेजाऱ्याच्या घरात कोणतं वर्तमानपत्र येतं यावर नजर होती.

नॉरिस यांनी पुढे आणखी एक काम केलं, ते आपण रोज बघतो पण लक्षात घेत नाही. त्यांच्या आग्रहावरून १९३४ मध्ये या राज्याने एकाच सभागृहाची विधानसभा मान्य केली, १९३७ पासून ती चालू आहे. अमेरिकेतलं असं हे एकच राज्य. तिच्या मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावापुढे पक्ष छापत नाहीत. पक्ष असतात, सगळ्यांना माहीतही असतात, तरी कागदावर नाहीत. लिंकनच्या कॅपिटॉलमध्ये मुलांना सहलीला नेलं होतं तेव्हा तिथल्या गाइडने हे सांगितलं. आमच्या एका आजोबांनी विचारलं, मग भांडतात कशावरून? ती म्हणाली, पाण्यावरून आणि करांवरून.

जानेवारीत मंडळाची सर्वसाधारण सभा आहे. दुकानाचा ठराव मांडणार असं काकांनी कळवलं आहे, तो त्यांचा हक्कच आहे. सभेचा सभासद म्हणून मला तिथे मत आहे, या देशात माझं तेवढं एकच मत. ते विरोधात असेल. चिठ्ठ्या टाकून मतदान घ्यावं, म्हणजे कुणाला वाईट वाटणार नाही, अशी सूचना आली आहे. मी हात वर करूनच देणार आहे. आणि सभेनंतरच्या हळदीकुंकवाचा तिळगूळ माझ्याकडे आहे, तीळ कुठून आणले ते कुणी विचारलं तर सांगेन.