घरकुलातील शिवणकामाची जागा

गोंदिया जिल्हा हा धानाचा जिल्हा. रोवणी आणि कापणीचा हंगाम सरला की, ग्रामीण महिलांना घरबसल्या करता येण्याजोगा व्यवसाय म्हणून शिवणकामाचे महत्त्व मोठे आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश असून अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. यंत्र घरी येते. परंतु ते ठेवावयाचे कोठे, हा प्रश्न उरतोच.

प्रधानमंत्री आवास योजनेतील ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर आहे. त्यातच धानाची पोती, अंथरुणे आणि मुलांचा अभ्यास. अशा घरात अंधाऱ्या कोपऱ्यात यंत्र ठेवल्यास पाठ व डोळे दुखू लागतात आणि हाती आलेला रोजगार सुटण्याची वेळ येते. थोड्या विचाराने हे टाळता येईल.

यंत्राची मान सुईच्या उजव्या बाजूस असते. म्हणून खिडकीचा किंवा दिव्याचा प्रकाश डावीकडून यावा; म्हणजे शिवणीवर सावली पडत नाही. शिवले जाणारे कापडही डावीकडेच पसरते. तेथे दोन फूट जागा मोकळी असावी. बसावयाची उंची अशी असावी की, कोपर टेबलाच्या पातळीवर राहील आणि दोन्ही पाय पॅडलवर पूर्ण टेकतील.

जमिनीवर वाकून कापड बेतल्याने कंबरेवर ताण येतो. त्याऐवजी कंबरेच्या उंचीवर भिंतीला बिजागरीची फळी बसवावी. काम संपताच ती खाली सोडली की जागा मोकळी होते. कात्री, टाचण्या व सुया झाकणाच्या डब्यात, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवाव्यात.

सपरीत उजेड भरपूर असतो. मात्र पावसाळ्यात ओलीने यंत्राचे भाग गंजतात व गिऱ्हाइकाच्या कापडावर डाग पडतात. म्हणून त्या दिवसांत यंत्र आत घ्यावे, भिंतीपासून थोडे दूर ठेवावे, वेळोवेळी तेल द्यावे आणि काम संपल्यावर झाकून ठेवावे.

घरकुलाची आखणी होत असतानाच खिडकी आणि विजेचा बोर्ड कोठे असावा, हे ग्रामपंचायत सदस्यांनी त्या घरातील महिलेस विचारावे. आखणीच्या वेळी खिडकीची जागा बदलण्यास फारसे काही लागत नाही. भिंत उभी राहिल्यावर मात्र ती फोडावी लागते.