संशोधनाची मोजदाद : ६ – डॉ. शंभूनाथ डे आणि उशिरा आलेले संदर्भ

गेल्या आठवड्यात एच-इंडेक्स पाहिला. एखाद्याच्या दहा शोधनिबंधांचा प्रत्येकी किमान दहा वेळा संदर्भ दिला गेला असेल, तर त्याचा एच-इंडेक्स १०. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेला हा हिशेब करायला सोपा, म्हणून निवड समित्यांच्या पसंतीचा. या हिशेबातून काय निसटते हे समजून घेण्यासाठी आज कोलकात्याला जाऊ.

कॉलऱ्याचा जंतू एखादे विष तयार करत असावा, असा रॉबर्ट कॉख यांचा १८८४ मध्येच कयास होता. ते विष हाती मात्र लागत नव्हते. डॉ. शंभूनाथ डे हे कोलकात्यातले पॅथॉलॉजिस्ट. रोग आतड्यात होतो, तर विषाची परीक्षाही आतड्यातच घ्यायला हवी, असा त्यांचा साधा आणि नेमका विचार होता. १९५३ मध्ये त्यांनी डी. एन. चॅटर्जी यांच्यासोबत सशाच्या लहान आतड्याचा तुकडा, शरीरातच राहू देऊन, दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधला आणि त्यात जंतूंचे कल्चर सोडले. दुसऱ्या दिवशी तो भाग पाण्याने टम्म फुगलेला होता. पुढे त्यांनी कल्चर गाळून जंतू पूर्णपणे काढून टाकले आणि नुसता गाळलेला द्रव वापरला. आतडे तरीही फुगले! जिवंत जंतू नसतानाही पाणी सुटत होते. म्हणजे करणी त्यांनी बाहेर टाकलेल्या विषाची होती. हा छोटासा निबंध १९५९ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनीही जंतूंपासून मिळवलेल्या विषद्रव्याने सशाच्या पिल्लांना जुलाब होतात हे दाखवले. हाफकिनमधल्या या कामाची आठवणही आपण फारशी ठेवलेली नाही.

आता संदर्भांकडे वळू. डे यांच्या निबंधाची सुरुवातीला जवळजवळ कोणीच दखल घेतली नाही. पुढे १९६९ मध्ये फिंकेलस्टाइन आणि लोस्पालुटो यांनी ते विष शुद्ध स्वरूपात वेगळे केले आणि कॉलऱ्याच्या संशोधनाला जोर चढला. तोवर डे यांचे प्रयोगशाळेतले दिवस सरत आले होते. १९७३ मध्ये ते निवृत्त झाले. १९७८ च्या स्टॉकहोममधील नोबेल परिसंवादाला त्यांना निमंत्रण आले, तेव्हा साठच्या दशकापासून मेलेल्या आपल्याला समितीने उकरून बाहेर काढले, अशा अर्थाचे ते बोलले. हे वाक्य वाचताना मला आजही अस्वस्थ वाटते. १९८५ मध्ये ते वारले. हयातीत भारतातल्या एकाही विज्ञान अकादमीने त्यांना फेलो करून घेतले नाही.

दुसऱ्याच वर्षी, १९८६ मध्ये, त्यांच्यावर लेख लिहिला तो यूजीन गारफील्ड यांनी. संदर्भसूचीचे हे जनक; १९६४ पासून ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ काढणारे. संदर्भांच्या नोंदींवरून कॉलरा संशोधनाचा नकाशा मांडून त्यांनी डे यांचे मूळ स्थान दाखवून दिले. म्हणजे आकड्यांनी डे यांना न्याय दिला, पण कोणीतरी ते आकडे मागे जाऊन, सगळा इतिहास समोर ठेवून वाचले तेव्हा. नेमणुकीसाठी गेल्या काही वर्षांचे संदर्भ मोजणाऱ्या समितीला १९६० च्या दशकात यातले काहीच दिसले नसते.

आणखी एक अडचण आहे. शोध जितका पायाभूत, तितका तो लवकर पाठ्यपुस्तकात जिरतो आणि मग मूळ निबंधाचा उल्लेख करायची कोणाला गरज वाटत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हे नेमके हेरले होते. कॉलऱ्याचे विष पेशीतली यंत्रणा बिघडवून पाणी बाहेर ओढते, हे आज वैद्यकीचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो. परीक्षेत तो डे यांचे नाव लिहीत नाही.

माझे मत स्पष्ट आहे. वैद्यकीय महाविद्यालयांत बढतीसाठी निबंधांची संख्या पाहिली जाते, तिथे उमेदवाराचे दोन निबंध तरी समितीने प्रत्यक्ष वाचायला हवेत. प्रश्न काय होता, प्रयोग कसा रचला, हे आकड्यांत दिसत नाही. डे यांचा निबंध मात्र एका बैठकीत वाचून होतो.

पुढच्या आठवड्यात : स्वतःच्याच निबंधांचे संदर्भ देणे कुठवर योग्य?