इंग्रजीला ‘क्तवतु’ नाहीं

इंग्रजी वाक्य आटोपशीर करण्याचा एक उपाय शाळांतून शिकविण्यांत येतो. ‘हू’, ‘विच’ अशा संबंधी सर्वनामानें सुरू होणारें विशेषणवाक्य काढून त्याच्या जागीं धातुसाधित विशेषण घालावें, हा तो उपाय. ‘द बॉय हू इज सिटिंग अंडर द ट्री’ याचें ‘द बॉय सिटिंग अंडर द ट्री’ होतें. ‘द लेटर विच वॉज रिटन बाय माय ब्रदर’ याचें ‘द लेटर रिटन बाय माय ब्रदर’ होतें. उपाय चांगला आहे. परंतु त्याची मर्यादा न ओळखल्यास अर्थाचा अनर्थ होतो. ज्या घरांत संस्कृताचा थोडा तरी परिचय आहे, तेथें ही मर्यादा समजावून देणें कठीण नाहीं.

संस्कृतांत ‘लिखन्’ म्हणजे लिहीत असलेला, ‘लिखित’ म्हणजे लिहिला गेलेला, आणि ‘लिखितवान्’ म्हणजे ज्यानें लिहिलें आहे तो. पहिला शतृ, दुसरा क्त, तिसरा क्तवतु. इंग्रजी ‘रायटिंग’ शतृचें काम करतें, ‘रिटन’ क्तचें करतें. क्तवतूचें काम करणारें रूप मात्र त्या भाषेंत नाहीं.

आमच्या मराठींत ‘-लेला’ हा एकच प्रत्यय दोन्ही कामें करतो. ‘लिहिलेलें पत्र’ असें आपण म्हणतों, तसेंच ‘पत्र लिहिलेला मुलगा’ असेंहि म्हणतों. म्हणून विद्यार्थी ‘द बॉय रिटन द लेटर’ असें लिहितो. येथें चूक निदान उघड दिसते. पण ‘पैसे दिलेला गृहस्थ’ याबद्दल त्यानें ‘द जेंटलमन गिव्हन द मनी’ लिहिलें, तर वाक्य व्याकरणशुद्ध राहतें आणि अर्थ उलटतो : ज्याला पैसे मिळाले तो गृहस्थ, असा त्याचा बोध होतो. येथें ‘द जेंटलमन हू गेव्ह द मनी’ असेंच लिहिलें पाहिजे. ‘हॅव्हिंग गिव्हन’ म्हणावें, तर तें बहुधा ‘दत्त्वा’ या क्त्वान्ताच्या जागीं येतें. ‘पैसे देऊन’ पुढें काय केलें, याची वाट वाचक पाहूं लागतो.

‘फॉलन लीव्ह्ज’, ‘रिटायर्ड टीचर’ असे प्रयोग दिसतात खरे. अकर्मक व गत्यर्थक धातूंना कर्तरि क्त पाणिनीनेंहि सांगितला आहे. परंतु इंग्रजींत असे शब्द थोडे व रूढीनें ठरलेले आहेत. ‘काल आलेला पाहुणा’ म्हणजे ‘द गेस्ट कम येस्टरडे’ नव्हे. ‘द गेस्ट हू केम येस्टरडे’.

दुसरी मर्यादा कारकाची. ‘मी राहत असलेलें घर’ या शब्दांत घर हें राहण्याचें अधिकरण आहे. मराठीला तें चालतें. इंग्रजींत ‘लिव्हिंग’ घराला जोडल्यास घरच राहूं लागेल! तेथें ‘द हाउस इन विच आय लिव्ह’ हेंच योग्य.

तेव्हां मुलांना दोन प्रश्न विचारण्याची संवय लावावी. हें नाम त्या क्रियेचा कर्ता आहे काय? असल्यास क्रिया चालू आहे, कीं होऊन गेली? कर्ता असून क्रिया चालू किंवा नित्याची असेल, तर ‘-इंग’ घालावें. ‘द बॉक्स कंटेनिंग बुक्स’ हें नित्याचें उदाहरण. नामावर क्रिया घडली असेल, तर क्तान्त घालावें. कर्ता असून क्रिया होऊन गेली असेल, तर ‘हू’ तसाच राहूं द्यावा. एका शब्दाच्या बचतीसाठीं धनकोचा ऋणको करूं नये.