पोटात वाढलेला जुळा भाऊ

नागपूरच्या त्या शेतकऱ्याचं पोट वाढता वाढता इतकं मोठं झालं की, लोक त्याला 'नऊ महिन्यांचा गरोदर' म्हणून चिडवू लागले. त्यानं फारसं मनावर घेतलं नाही. जून १९९९ मध्ये मात्र त्याला श्वास घेणंही कठीण झालं. ३६ वर्षांच्या या माणसाला मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये आणलं, तेव्हा ही कॅन्सरची प्रचंड गाठ असावी, असंच डॉक्टरांना वाटलं.

डॉ. अजय मेहता यांनी पोट उघडलं. आधी कितीतरी पाणी वाहून गेलं आणि मग त्यांच्या हाताला चक्क हाडं लागली! हात, पाय, केस, जबडा... एकेक अवयव बाहेर येऊ लागला. तो होता त्या शेतकऱ्याचा जुळा भाऊ. आईच्या पोटात पूर्ण घडू न शकलेला!

वैद्यकशास्त्रात याला 'फीटस इन फीटू', म्हणजे गर्भातला गर्भ म्हणतात. एकाच बीजापासून जुळी तयार होताना क्वचित एक गर्भ दुसऱ्याच्या शरीरात अडकतो. त्याचा मेंदू घडत नाही. तो स्वतंत्रपणे जगूच शकत नाही. पण भावाच्या रक्तावर तो वाढत राहतो. सुमारे ५ लाख जन्मांत असं एखादंच उदाहरण आढळतं. यात ना कुणाचा शाप, ना कुणाचं पाप. आईचाही काही दोष नाही.

बहुतेक वेळा ही गाठ तान्हेपणीच लक्षात येते. आता तर जन्माआधीही! जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्याच्या सरकारी रुग्णालयात एका गर्भवतीची सोनोग्राफी करताना, पोटातल्या बाळाच्याच पोटात गर्भ दिसला. फेब्रुवारीत बाळ जन्मलं आणि काही दिवसांतच अमरावतीला त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्या इवल्याशा पोटातून दोन गर्भ निघाले.

अशी गाठ तिच्या आवरणासकट पूर्ण काढावी लागते. काही अंश मागे राहिला, तर क्वचित त्यात कॅन्सरही होऊ शकतो. म्हणून नंतरही काही काळ तपासणी चालू ठेवतात.

नागपूरचा तो शेतकरी शस्त्रक्रियेनंतर बरा झाला. पण तोवर आयुष्याची ३६ वर्षं त्यानं ते ओझं वागवलं होतं. पोटातली प्रत्येक गाठ अशी नवलाची नसते. तरी मुलाचं पोट एकाएकी वाढू लागलं, हाताला कठीण लागू लागलं, तर 'बाळसं धरतंय' म्हणून स्वस्थ बसू नका. डॉक्टरांना दाखवा.