जिल्ह्याची प्रकृती कशी मोजावी?

“आपल्या जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न वाढले असे वर्तमानपत्रात वाचतो, मग आमच्या वस्तीतली मुले अशी खुरटलेली का?” असा प्रश्न एका वाचकाने पत्रातून विचारला आहे. प्रश्न अर्थशास्त्राचा वाटला तरी त्याचे उत्तर वजनकाट्यावर आणि जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत सापडते. म्हणून आज खोकला-पडसे बाजूला ठेवून या विषयाकडे वळू.

दवाखान्यात दोन रुग्ण आहेत असे समजा. एकाला १०४ अंश ताप आहे. दुसरा अंग गार पडून ९५ अंशांवर आला आहे. दोघांची सरासरी साडेनव्याण्णव येते, म्हणजे जवळजवळ कणकण. या आकड्यावर विसंबून दोघांनाही क्रोसिन देऊन घरी पाठवणाऱ्या डॉक्टरला आपण काय म्हणाल? दरडोई उत्पन्नाचे असेच आहे. जिल्ह्यात खाण किंवा औष्णिक वीज केंद्र असले की त्याचे उत्पादन जिल्ह्याच्या हिशेबात धरले जाते आणि भागाकार सर्वांच्या वाट्याला येतो, नफा मात्र मुंबईला गेलेला असतो.

ही अडचण ओळखूनच संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने १९९० साली मानव विकास निर्देशांक काढला. पाकिस्तानचे महबूब-उल-हक यांची ती कल्पना, त्यात आपल्या अमर्त्य सेन यांची मोलाची साथ. उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान आणि शिक्षण धरावे, एवढे साधे त्याचे सूत्र. पण तीही शेवटी सरासरीच. त्यामुळे २०१० साली विषमता वजा करून काढलेला वेगळा निर्देशांक आला. आपल्याकडेही हा विचार नवा नाही. वि. म. दांडेकर समितीने १९८४ साली रस्ते, पाटबंधारे, शिक्षण, पाणी यांबरोबर आरोग्यसेवेचाही जिल्हावार अनुशेष मोजून दाखवला होता. मात्र जिल्ह्याच्या पोटातही गावे आणि वस्त्या असतात, हे आकडेमोडीत राहून जाते.

श्रीमंत देशांनाही हे चुकलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने नेमलेल्या सर मायकेल मार्मट यांच्या आयोगाने २००८ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो परिसराचे उदाहरण दिले. तेथील कॅल्टन या गरीब वस्तीत पुरुषांचे अपेक्षित आयुष्य ५४ वर्षे होते, तर काही किलोमीटरवरच्या सुखवस्तू लेंझीत ८२. तब्बल अठ्ठावीस वर्षांचे अंतर! तेही सर्वांना सरकारी आरोग्यसेवा मोफत मिळणाऱ्या देशात.

मग मोजावे काय? माझे मत विचाराल तर दोनच गोष्टी आधी पाहाव्यात. पहिली, मुलांची उंची. ताप-जुलाबाने वजन आठवड्यात घटते आणि भरूनही येते, पण वयाच्या मानाने उंची खुंटते ती महिनोन्‌महिने कमी पडलेल्या अन्नाने, वारंवारच्या आजारांनी आणि अशक्त आईच्या पोटी वाढल्याने. घरात विकास पोचला की नाही हे ती उंची सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालची सुमारे ३४ टक्के मुले २०१५-१६ साली खुजी होती. २०१९-२१ च्या पाहणीत ते प्रमाण सुमारे ३५ टक्के निघाले. मधल्या वर्षांत राज्याचे उत्पन्न वाढलेच होते.

दुसरी गोष्ट म्हणजे बालमृत्यूदर. जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी वर्षाच्या आत किती दगावली, तो हा आकडा. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० साली तो भारतात २८, महाराष्ट्रात १६ आणि केरळात ६ होता. आपला सोळा चांगलाच म्हणायचा. पण सोळाही सरासरीच, आणि ती राज्याची. गावापुरता हिशेब करताना एक पथ्य पाळावे. वर्षाला ४० बाळंतपणे होणाऱ्या गावात एक बाळ गेले तर दर एकदम २५ होतो, पुढच्या वर्षी कोणी गेले नाही तर शून्य. तेव्हा शून्य आले म्हणून सत्काराची घाई करू नये. पाच वर्षांच्या नोंदी एकत्र करून पाहाव्यात.

त्या नोंदी खऱ्या असतील तर, अर्थात. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते. तिसऱ्या दिवशी बाळ जाते. माहेरची माणसे म्हणतात, आमच्या गावचे नव्हे; सासरी तर ते कधी पोचलेच नाही. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांचेही तेच. एकदा श्वास घेऊन गेलेले मूल ‘मेलेलेच जन्मले’ असे लिहिले की तेही हिशेबातून सुटते. अशी बाळे मोजलीच न गेल्याने ती जिथे जास्त जातात तीच वस्ती कागदावर निरोगी दिसू लागते, आणि मग तिथे नर्स किंवा गाडी हवी असे कोणाला का वाटावे?

डॉ. अभय व राणी बंग यांनी गडचिरोलीत आधी मोजलेच. त्यांच्या ३९ गावांत १९९३-९५ दरम्यान हजारी ६२ नवजात बाळे पहिल्या महिन्यात दगावत होती. गावातल्याच बायांना बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, उबेत ठेवणे आणि गरज पडल्यास इंजेक्शन देणे शिकवले, तेव्हा १९९७-९८ पर्यंत हा आकडा सुमारे २५ वर आला. आशाताई बाळंतिणीच्या घरी पहिल्या बेचाळीस दिवसांत ज्या फेऱ्या करतात, त्यांचे मूळ या कामात आहे.

पत्र लिहिणाऱ्या वाचकांनी अंगणवाडीताईंना वस्तीतल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांच्या दंडाचा घेर मोजायला सांगावा. घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर मूल तीव्र कुपोषित समजावे व त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. नोंदणीबाबत विचाराल, तर जन्म किंवा मृत्यू जिथे घडला तिथेच एकवीस दिवसांच्या आत विनाशुल्क नोंद होते. घरी घडल्यास ती कळवणे कुटुंबप्रमुखाचे काम आहे. नेहमीच्या निवासाच्या रकान्यात सासरचे गाव लिहावे. मृत जन्मलेल्या बाळाचीही नोंद करावी लागते, आणि नाव ठेवण्याआधी गेलेल्या बाळाची तर जन्म आणि मृत्यू अशी दोन्ही.